विश्लेषण : डिझाइन अंदाजपंचे, बिल मात्र नेमके! प्रयोगशाळांच्या इमारती इतकी वीज का खातात?

ऑफिसच्या इमारतीपेक्षा प्रयोगशाळेची इमारत दर चौरस मीटरमागे कितीतरी पट जास्त वीज वापरते. आधी बांधलेल्या प्रयोगशाळांचा प्रत्यक्ष वापर मोजून त्या आकड्यांवर नवी इमारत आखली, तर हे बिल बरेच खाली येते. अमेरिकेत हा प्रयोग वीसहून अधिक वर्षे सुरू आहे. आपल्याकडे मात्र अजून ‘असू दे थोडं जास्त’ या हिशेबावरच चिलर मागवले जातात.

एखाद्या विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या आवारात रात्री दहानंतर चक्कर मारा. वर्गखोल्या अंधारात असतात, कॅन्टीनचे शटर खाली असते, ऑफिसला कुलूप असते. रसायनशास्त्राच्या इमारतीच्या गच्चीवरून मात्र एक संथ घरघर ऐकू येत राहते. ते एक्झॉस्टचे ब्लोअर असतात. आत माणूस नसला तरी खोल्यांतली थंड केलेली हवा ओढून बाहेर फेकली जाते. तिच्या जागी बाहेरची गरम, दमट हवा आत घेऊन तीही थंड केली जाते, आणि थोड्या वेळाने तीही बाहेर जाते. वर्षाचे ३६५ दिवस हेच चालते.

यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. इमारत तशीच आखलेली असते.

प्रयोगशाळेला इतकी वीज का लागते?

बहुतेकांना वाटते की महागडी यंत्रे जास्त वीज खात असतील. यंत्रे खातातच. उणे ८० अंशांचा एक फ्रीझर दिवसाला साधारण १६ ते २५ युनिट घेतो, म्हणजे महिन्याला ५०० ते ७५० युनिट. पण प्रयोगशाळेच्या बिलातला मोठा खलनायक अनेकदा हवा हाच असतो.

ऑफिसमधला एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो आणि त्यात थोडी ताजी हवा मिसळतो. जिथे रसायने हाताळली जातात, तिथे असे करता येत नाही. एका खोलीतली वाफ दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून आलेली हवा एकदाच वापरून बाहेर सोडावी लागते. खोलीतली सगळी हवा तासाला किती वेळा बदलायची, याचा आकडा डिझाइनच्या वेळी ठरतो. तो साधारण ६ ते १२ च्या दरम्यान धरला जातो, आणि पुढच्या तीस वर्षांच्या बिलाचा मोठा हिस्सा त्या एका आकड्यावर ठरतो.

हिशेब करून पाहू. १०० चौरस मीटरची आणि ३ मीटर उंचीची प्रयोगशाळा घ्या. आत ३०० घनमीटर हवा आहे. तासाला १० वेळा हवा बदलायची तर ३,००० घनमीटर बाहेरची हवा आत घ्यावी लागेल. मुंबईतला मे महिना, बाहेर ३४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता. ही हवा खोलीतल्या २४ अंशांच्या पातळीवर आणायलाच जवळपास १० टन क्षमतेचे कूलिंग लागते. म्हणजे घरातले दीड टनी सहा-सात एसी, आणि तेही फक्त बाहेरच्या हवेसाठी. आतली माणसे, दिवे, यंत्रे यांची उष्णता अजून मोजलेलीच नाही. हवा बदलण्याचा आकडा १० ऐवजी ६ धरला, तर हेच काम चार एसींत होते.

आता फ्यूम हूड. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते काचेचे सरकते दार असलेले कपाट चांगलेच ठाऊक असते. दीड मीटर रुंद हूडची काच ७० सेंटीमीटर वर उचलली आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर तो एकटा हूड तासाला सुमारे १,९०० घनमीटर हवा ओढतो. वरच्या उदाहरणातल्या अख्ख्या खोलीला तासाला सहा वेळा लागते त्याहून थोडी जास्तच! एका हूडमागे साडेतीन अमेरिकी घरांइतकी ऊर्जा खर्च होते, असा लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांचा अंदाज बराच गाजला, तो याच कारणाने.

बेंचमार्किंग म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर शेजारच्यांची बिले पाहणे. ‘आमच्या इमारतीला वर्षाला दर चौरस मीटरमागे इतके युनिट लागतात’ हा आकडा एकटा असतो तेव्हा मुका असतो. तशाच पन्नास इमारतींचे आकडे शेजारी ठेवले की तो बोलू लागतो.

अमेरिकेत २००० सालच्या सुमारास तिथली पर्यावरण संस्था ईपीए आणि ऊर्जा विभाग यांनी ‘लॅब्ज ट्वेंटी-वन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून प्रयोगशाळांच्या वीजवापराची माहिती एका जागी गोळा होऊ लागली. तिचे साधन बर्कलीच्या प्रयोगशाळेने तयार केले. आज ते ‘आयटूएसएल’ ही संस्था चालवते. संस्था आपल्या इमारतीची माहिती भरतात आणि आपल्यासारख्या इतर इमारतींच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते पाहतात.

‘आपल्यासारख्या’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतली बीएसएल-४ प्रयोगशाळा आणि एखाद्या कॉलेजची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्या बिलांची तुलना करणे म्हणजे ट्रक आणि स्कूटरचे मायलेज एकाच तक्त्यात मांडणे. म्हणून इमारत कुठल्या हवामानात आहे, आत रसायनशास्त्र आहे की जीवशास्त्र, प्राण्यांच्या खोल्या आहेत का, एकूण क्षेत्रफळात खरी प्रयोगशाळा किती आणि कॉरिडॉर-केबिन किती, दिवसाचे किती तास काम चालते, हे सगळे आधी पाहावे लागते. हे न पाहता काढलेली सरासरी दिशाभूल करते.

सरासरीबद्दल आणखी एक. वर्गात सगळेच नापास होत असतील, तर सरासरीच्या वर असण्यात काय कौतुक? जुन्या, उधळ्या इमारतींच्या यादीत मधला नंबर आला म्हणून नवी इमारत चांगली ठरत नाही. आकडेवारीचा खरा उपयोग यादीतल्या पहिल्या चार-पाच इमारतींनी काय केले हे शोधण्यात आहे.

नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी

हा आकडा इमारत बांधून झाल्यावर कळला, तर फार तर खंत वाटते. डिझाइनच्या आधी कळला, तर पैसे वाचतात.

नव्या प्रयोगशाळेत सर्वांत मोठी गफलत यंत्रांचा भार ठरवताना होते. यंत्राच्या मागच्या पाटीवर १,५०० वॉट लिहिलेले असते. ओव्हन असेल तर त्याचा हीटर तापमान गाठल्यावर मधूनमधूनच चालतो. शिवाय खोलीतली दहाही यंत्रे एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालली, असा दिवस जवळपास उगवतच नाही. तरी यादी करताना पाटीवरचेच आकडे बेरजेत धरले जातात. मग प्राध्यापक ‘पुढे नवी यंत्रे येतील’ म्हणून २५ टक्के वाढवतात. इलेक्ट्रिकलवाले सुरक्षिततेसाठी २० टक्के घालतात. एसीचा कन्सल्टंट स्वतःचे २० टक्के चढवतो. प्रत्येकाने आपल्या जागी शहाणपणाच केलेला असतो, पण गुणाकार होतो १.८ पट. मुळातला आकडाच फुगलेला, त्यावर ही १.८ची फोडणी.

प्रयोगशाळांत प्रत्यक्ष मीटर लावून पाहिले, तेव्हा यंत्रांचा सर्वोच्च भार डिझाइनमध्ये धरलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे पुन्हा पुन्हा आढळले आहे. म्हणजे अर्धा चिलर, अर्धा ट्रान्सफॉर्मर, अर्ध्या केबल्स कधीच न येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेऊन ठेवलेल्या. आणि मोठे यंत्र घेऊन ठेवले की ते स्वस्थ पडून राहत नाही. एरवी चिलर अगदी थोड्या भारावर रेंगाळतो आणि त्या अवस्थेत दर टनामागे जास्त वीज घेतो. वर मोठ्या जोडभाराचा डिंमाड चार्ज दर महिन्याला बिलात येतोच.

तशाच प्रकारच्या प्रयोगशाळेत मोजलेला भार हाताशी असेल, तर टेबलावरची चर्चाच बदलते. ‘किती धरायचे?’ या प्रश्नाला ‘मागच्या इमारतीत इतके धरले होते’ हे उत्तर चालत नाही. मोजलेल्या आकड्यावर मार्जिन घ्यावे, जरूर घ्यावे, पण एकदाच आणि सर्वांसमक्ष.

दुसरा मुद्दा पंख्यांचा. हवा ढकलायला किती वॉट लागतात, हे बेंचमार्किंगमध्ये स्वतंत्रपणे मोजले जाते. हा आकडा एका इमारतीतून दुसरीत गेल्यावर कित्येक पट बदलतो, आणि फरक पंख्याच्या ब्रँडपेक्षा वाटेत असतो. अरुंद डक्ट, काटकोनातली वळणे, छोट्या पेटीत कोंबलेले फिल्टर आणि कॉइल. हवेचा वेग निम्मा केला, तर डक्टमधला अडथळा साधारण एक चतुर्थांश होतो. पण त्यासाठी डक्ट मोठे हवेत, म्हणजे शाफ्टला जागा हवी. आर्किटेक्टने मजल्याचा नकाशा पक्का केल्यावर एसीवाल्याने जागा मागितली, तर ती कोण देणार? हा आकडा पहिल्या बैठकीत टेबलावर असावा लागतो, तो यासाठी.

पंख्याचे गणित तर मोहात पाडणारे आहे. त्याला लागणारी वीज हवेच्या प्रमाणाच्या घनात बदलते. हवा ८० टक्क्यांवर आणली, तर वीज कागदावर जवळपास निम्मी होते. हवा निम्मी केली, तर वीज आठवा हिस्सा. प्रत्यक्षात इतके सगळे हाती लागत नाही, पण दिशा हीच राहते. रात्री रिकाम्या खोलीत हवा कमी करण्यावर एवढा भर का, याचे उत्तर इथे आहे.

आधी थंड करायचे, मग तापवायचे!

सामान्य वाचकाला सर्वांत अजब वाटेल ती गोष्ट ही. अनेक प्रयोगशाळांत एकच मोठे एएचयू दहा-बारा खोल्यांना हवा पुरवते. त्यातल्या एका खोलीत उष्णता ओकणारी यंत्रे असतात. तिच्यासाठी सगळी हवा खूप थंड करावी लागते. बाकीच्या खोल्यांत इतकी उष्णता नसते, पण सुरक्षेसाठी हवेचे प्रमाण कमी करता येत नाही. मग त्या खोल्यांत माणसे कुडकुडू नयेत म्हणून तीच थंड हवा हीटरने पुन्हा तापवून सोडली जाते. बाहेर ३४ अंश आणि आत हीटर चालू! दमट हवामानात हवेतले पाणी काढायला ती आधी बरीच थंड करावी लागते, त्यामुळे किनारपट्टीवर हा प्रकार वाढतो.

हे बिलात कुठेच दिसत नाही. एकूण युनिटमध्ये मिसळून जाते. थंड करणारी आणि तापवणारी वीज वेगळी मोजली, तरच ते उघडे पडते. उपाय डिझाइनमध्येच आहेत. तापणारी यंत्रे एका बाजूला, स्वतंत्र कूलिंगवर ठेवायची. ताज्या हवेचे काम आणि उष्णता काढण्याचे काम वेगळे करायचे. बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणारी हवा आधी थोडी गार करून घ्यायची. हे सगळे नंतर बसवता येते, पण खर्च आणि धूळ दोन्ही जास्त.

मग सुरक्षेचे काय?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. वीज वाचवताना विद्यार्थ्याच्या फुप्फुसात रसायन गेले, तर ती बचत कुठल्याही भावाने महागच.

पण ‘जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षा’ हे समीकरणही खरे नाही. छतातून जोरात येणारा झोत हूडच्या तोंडाशी भोवरे तयार करतो आणि आतली वाफ बाहेर खेचू शकतो. धोका हूडमध्ये पकडणे हा पहिला बचाव. खोलीत पसरलेली वाफ पातळ करत बसणे हा दुय्यम.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसने २००८ पासून ‘स्मार्ट लॅब्ज’ हा उपक्रम राबवला, तो इथे पाहण्यासारखा आहे. तिथे खोलीतल्या हवेत रसायनांचे प्रमाण सेन्सर सतत तपासतात. हवा स्वच्छ असेल आणि माणसे असतील तेव्हा तासाला चार वेळा, कुणी नसेल तेव्हा दोन वेळा हवा बदलते. काही सांडले की यंत्रणा आपोआप जोर वाढवते. सुधारलेल्या इमारतींत सुमारे ६० टक्के ऊर्जा वाचल्याचे तिथल्या मोजमापात दिसले. सुरक्षा विभाग या कामात पहिल्या दिवसापासून सामील होता. ‘वीज वाचवा’ असा फतवा निघाला आणि कुणीतरी ब्लोअर बंद केला, असे तिथे झाले नाही.

आपल्याकडे या गोष्टीची नक्कल अर्धवट होण्याची भीती जास्त आहे. सेन्सर महाग, दरवर्षी तपासावे लागणार, आणि देखभालीच्या कंत्राटात त्याचा उल्लेखच नसणार. मग आकडा तेवढा चारवर आणला आणि सेन्सर बंद पडला, तर ते घातकच. ज्या संस्थेला देखभाल जमणार नाही, तिने हवा कमी करण्याआधी हूडची काच खाली ठेवण्यापासून सुरुवात करावी. त्यातही एक मेख आहे. हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाने काच खाली ठेवण्याची स्पर्धा लावून पैसे वाचवले, कारण तिथे काच खाली आली की हवा कमी होण्याची सोय होती. जुन्या, ठरावीक हवा ओढणाऱ्या हूडवर ‘काच खाली ठेवा’ असे स्टिकर लावले, तर सुरक्षा वाढते, बिल जागचे हलत नाही.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे चौकट नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई २००२ ची. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली आणि २०२४ मध्ये तिला नवे, व्यापक रूप मिळाले. ऑफिस, बीपीओ, रुग्णालये आणि मॉल यांना प्रत्यक्ष वीजबिलावरून तारे देण्याची पद्धतही आहे.

प्रयोगशाळांचा मात्र या तारांकनात स्वतंत्र गट नाही. आणि संहितेत जी तुलना होते ती वेगळ्याच प्रकारची. आखलेल्या इमारतीचे संगणकातले मॉडेल आणि त्याच इमारतीचे ‘किमान नियम पाळणारे’ दुसरे मॉडेल यांची ती तुलना. यंत्रांचा भार आणि कामाचे तास दोन्हीकडे सारखेच धरले जातात. म्हणजे भारच फुगवून धरला असेल, तर तो दोन्हीकडे फुगतो आणि गुणोत्तर सुंदर दिसते. कागदाची कागदाशी शर्यत. प्रयोगशाळेसाठी ही पद्धत अपुरी आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

अमेरिकी आकडे उसने घेऊन चालेल का? दिशा समजायला चालतील. लक्ष्य ठरवायला नाही. तिकडच्या बऱ्याच इमारतींच्या बिलात हिवाळ्यातले हीटिंग मोठे असते. मुंबईत वर्षभर ओलाव्याशी लढाई असते, तर बेंगळूरूमध्ये बरेच महिने बाहेरची हवा जवळपास आहे तशी आत घेता येते. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, माटुंग्याची आयसीटी, हैदराबादच्या औषध कंपन्या, राज्यभरातली कॉलेजे… एवढे वैविध्य देशात आहे, तर आकडेही इथलेच हवेत. यातल्या बऱ्याच संस्था सरकारी पैशावर चालतात. त्यांची वीजबिले गुपित असण्याचे काही कारण नाही.

मोजमापाने डिझाइन बदलते याचे चांगले भारतीय उदाहरण प्रयोगशाळेचे नाही, ऑफिसचे आहे. इन्फोसिसने हैदराबादजवळच्या पोचारम कॅम्पसमध्ये एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचा, पण चांगल्या दर्जाचा एसी. दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवण्याची पद्धत. दोन्हींना वेगळे मीटर. दुसऱ्या भागात सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली. त्यानंतर वाद घालायला फारसे काही उरले नाही. तो प्रयोग करता आला कारण मीटर आधीपासून वेगळे होते.

अडचण कुठे आहे?

अनेक कॅम्पसमध्ये एचटी मीटर एकच असतो. कुठल्या इमारतीला किती वीज लागली हेच माहीत नसते, मग त्यातली पंख्यांची किती आणि चिलरची किती हे कळणे दूरच. इमारतीचे बजेट एका खात्यातून येते, बिल दुसऱ्या खात्यातून भरले जाते. कन्सल्टंटची फी बहुतेक वेळा प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत असते, त्यामुळे लहान चिलर सुचवणाऱ्याचे स्वतःचेच नुकसान होते. चिलर मोठा निघाला म्हणून कुणाची चौकशी होत नाही. लहान पडला, तर पहिल्याच मे महिन्यात होते. अशा परिस्थितीत माणूस काय निवडेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून बदल निविदेत हवा. नव्या प्रयोगशाळेच्या निविदेत वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट हे लक्ष्य लिहावे. पंखे, चिलर, हीटर आणि यंत्रे यांचे मीटर वेगळे मागावेत, आणि ताबा घेतल्यावर दोन वर्षांची रीडिंग जाहीर करण्याची अट घालावी. फीचा एखादा हिस्सा त्या रीडिंगशी जोडला, तर उत्तम. सेन्सर-सॉफ्टवेअरच्या चकचकीत सादरीकरणांपेक्षा हे कंटाळवाणे आहे खरे, आणि खर्चही त्या मानाने किरकोळ आहे.

जुन्या इमारतीसाठी तर सुरुवात एका क्लॅम्प मीटरवरही होऊ शकते. एएचयूच्या पॅनलवर मंगळवारी दुपारी बाराचे आणि रविवारी पहाटे तीनचे रीडिंग घ्यायचे. दोन्ही आकडे सारखेच आले, तर रिकाम्या इमारतीत रात्रभर काय चालते ते लगेच कळते, आणि संचालकांना दाखवायला तेवढा एक कागद पुरतो.